गव्हावरचा तांबेरा: डोळ्यांनी ओळखायचा कुठवर, आणि पॅथोटाइप ठरतो कसा

संक्रांतीच्या सुमाराला कागवाडकडच्या एका रानात मी पहिल्यांदा तांबेरा नीट पाहिला. नीट म्हणजे पान हातात घेऊन, उन्हाकडे धरून. रान ज्यांचं होतं त्या काकूंनी पांढऱ्या लुगड्याचा पदर पानावरून हलकेच ओढला आणि माझ्यासमोर धरला. पदरावर विटकरी रेघ उठली होती. "भंडारा उधळल्यागत झालंय बघ," त्या म्हणाल्या. पलीकडच्या बांधावरचे कानडी शेजारी याला तुक्कू रोग म्हणतात, कुणी भंडार रोगही म्हणतं. बोली कुठलीही असो, पदरावरची ती पूड सगळ्यांनी बघितलेली असते.

ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. शिकायला येणारी मुलं मला पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, हा कुठला स्ट्रेन?" याचं उत्तर पानाकडे बघून देता येत नाही. तांबेरा कुठला, काळा की नारिंगी, हे डोळ्यांना कळतं. त्या तांबेऱ्याचा पॅथोटाइप, म्हणजे कुठल्या वाणांना खातो त्यावरून ठरणारा त्याचा पोटप्रकार कुठला, हे मात्र कितीही अनुभवी माणसाला रानात उभं राहून सांगता येणार नाही. ते गव्हाच्या रोपांनाच विचारावं लागतं. रोपांना विचारायचं म्हणजे काय आणि त्यात आपला वाटा कुठला, हे बेळगाव, चिकोडी, अथणी, विजापूर भागात नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी तांबेराच आहे ना, ते बघा

आपल्या भागात दोन तांबेरे भेटतात. तिसरा, पिवळा तांबेरा, थंडीचा गडी आहे. त्याला साधारण १० ते १५ अंशांचं हवामान मानवतं, म्हणून तो पंजाब, हिमाचलकडे त्रास देतो आणि दक्षिणेत निलगिरीच्या उंचीवर दिसतो. घटप्रभेच्या काठी कुणी पिवळा तांबेरा सापडल्याचं सांगितलं तर आधी शंका घ्या आणि पान स्वतः बघा.

नारिंगी तांबेरा पानावर येतो, बहुतेक वरच्या बाजूला. फोड बारीक, गोलसर, विखुरलेले, नारिंगी-तपकिरी. बोटाखाली पान फारसं खरखरीत लागत नाही. काळा तांबेरा खोडावर, पानाच्या आवरणावर आणि पानाच्या दोन्ही अंगांना येतो. त्याचे फोड लांबट, विटकरी, आणि ते वरची साल फाडून बाहेर येतात. फोडाच्या कडेला सालीच्या पांढरट चिंध्या उभ्या दिसल्या आणि खोडावरून बोट फिरवताना खरखर लागली तर तो काळाच. 'काळा' हे नाव हंगामाच्या शेवटी पटतं. पीक पिकायला लागलं की त्याच फोडांत काळे बीजाणू तयार होतात.

सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर एक थेंब पाण्यात पूड टाकून बघा. नारिंगीचे बीजाणू जवळपास गोल दिसतात, काळ्याचे लांबोळे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकालाही एवढं दिसतं.

फसवणारी लक्षणं तीन. खानापूरकडची तांबडी माती दवावर बसली की पान लांबून अगदी तांबेरलेलं दिसतं. ओल्या बोटानं पुसलं की माती निघून जाते आणि खाली पान शाबूत असतं. दुसरा करपा. त्याचे डाग तपकिरी, मधे जळाल्यासारखे, आणि पांढऱ्या कागदावर घासले तरी पूड पडत नाही. तिसरं फसवं लक्षण नव्या माणसाला हमखास चकवतं. काही वाणांच्या पेऱ्याखाली आणि ओंबीच्या तुसांवर काळपट छटा येते. हा रोग नव्हे. एसआर-२ नावाचं तांबेऱ्याला आवरणारं जनुक ज्या वाणात असतं, त्यात ही छटा दिसू शकते. म्हणजे जे झाड रोगट वाटलं, त्याच्याच अंगात रोगाला अडवणारं काही असतं. इथेही पांढरा कागद घासून बघा. पूड नाही तर तांबेरा नाही.

हा येतो कुठून

हे कळल्याशिवाय कधी आणि कुठे बघायचं ते कळत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा या बुरशीला झेपत नाही, आणि तेव्हा रानात गहूही नसतो. तांबेऱ्याची बुरशी जिवंत झाडावरच जगते. धसकटात, मातीत, बियाण्यात ती आपल्याकडे टिकत नाही. युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरी नावाच्या झुडपावर आपला फेरा पूर्ण करतो. भारतात ते झुडूप या कामी येत नाही, हे आग्र्याच्या करमचंद मेहतांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवलं. दक्षिणेत ही बुरशी निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत तग धरते, तिथे गहू जवळजवळ वर्षभर कुठे ना कुठे उभा असतो. तिथून बीजाणू वाऱ्यावर निघतात आणि पावसाबरोबर खाली उतरतात. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळी हवामान झालं की हे बीजाणू मध्य भारतापर्यंत कसे पोचतात, यावर १९७०च्या दशकात नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं.

आपण त्या वाटेवर आहोत. म्हणून नोव्हेंबरात अवेळी पाऊस होऊन गेला असेल, तर त्या वर्षी डिसेंबरच्या मध्यापासूनच रानं बघायला लागा. एरवी जानेवारीचा पहिला आठवडा चालतो. पीक पोटरीत असताना एक फेरी आणि ओंब्या बाहेर पडल्यावर दुसरी, एवढं तरी हवंच. सकाळी दव असताना फोड ठळक दिसतात, पण नमुना दव सुकल्यावर घ्या. ओला नमुना वाटेतच कुजतो.

बघताना रानाच्या कडेनं एक चक्कर मारून परत येऊ नका. आत शिरा, तिरपं चाला, दहा-बारा ठिकाणी थांबा. सावलीची कड, पाटाजवळची दाट जागा आणि उशिरा पेरलेला तुकडा, या तीन ठिकाणी तांबेरा आधी सापडतो.

किती आणि कसा, ते लिहून ठेवा

जगभर यासाठी कॉब मोजमापाचं सुधारलेलं रूप वापरतात. त्यात दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, पानाचा किंवा खोडाचा किती भाग व्यापला आहे: ५, १०, २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के. दुसरी, झाडाचा प्रतिसाद. फोडाभोवती पान वाळून गेलं आणि फोड बारीकच राहिला तर प्रतिकारक, म्हणजे 'आर'. फोड मोठा, भरपूर पूड, भोवती वाळलेलं काही नाही, तर बळी पडणारा, म्हणजे 'एस'. मधल्या पायऱ्यांना 'एमआर' आणि 'एमएस'. मग नोंद होते ४०एस किंवा २०एमआर.

पुढे तुलना करायची असेल तर टक्केवारीला प्रतिसादाच्या आकड्यानं गुणतात: आर ०.२, एमआर ०.४, एमएस ०.८, एस १. म्हणजे ४०एस चे ४० होतात आणि ४०एमएस चे ३२. नव्या माणसाचा हात सुरुवातीला नेहमी जास्त टक्के लिहितो, कारण नजर रोगट पानावरच जाते. एका जागी दहा झाडं ठरवा, ती सगळी बघा, बिनरोगाची धरून, आणि मग सरासरी लिहा.

नमुना घेणं, हेच आपलं मुख्य काम

इथे थोडा वेळ थांबतो, कारण पुढे प्रयोगशाळेत जे होतं ते सगळं या पाकिटावर अवलंबून असतं.

ताजे, पूड सांडणारे फोड असलेली दहा-पंधरा पानं घ्या. काळा तांबेरा असेल तर आवरणासकट खोडाचे बोटभर तुकडे कापा. पान लांबीत दुमडा, फोडांची बाजू आत ठेवून. सावलीत, टिपकागदात किंवा जुन्या वर्तमानपत्रात दाबून रात्रभर सुकवा. मग कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकची पिशवी नको म्हणजे नकोच. पहिल्या वर्षी मी निपाणीहून आणलेले सहा नमुने झिपच्या पिशवीत घालून दोन दिवस दप्तरात ठेवले होते. उघडले तेव्हा वास येत होता आणि फोडांवर दुसरीच पांढरी बुरशी चढली होती. तांबेऱ्याचे बीजाणू मेले होते. त्या सहा रानांत त्या वर्षी कुठला पॅथोटाइप आला होता, हे आता कुणालाच कळणार नाही. मला ते अजून टोचतं.

एका पाकिटात एकाच रानाचा आणि एकाच वाणाचा नमुना. पाकिटावर गाव, तालुका, तारीख, पिकाची अवस्था, तांबेरा कुठला, नोंद (४०एस वगैरे), फवारणी झाली असल्यास कुठली आणि कधी. फवारणीच्या आधीच नमुना घेता आला तर उत्तम. प्रोपिकोनॅझोलसारखं बुरशीनाशक मारून आठवडा झाला असेल तर त्या पानातून जिवंत काही निघण्याची आशा कमीच.

आणि वाणाचं नाव. याच्याइतकी महत्त्वाची आणि याच्याइतकी दुर्लक्षित नोंद दुसरी नाही. सीमाभागात बियाणं सगळीकडून येतं. कुणी सांगलीच्या बाजारातून लोकवन आणतो, कुणी निफाडचं त्र्यंबक किंवा नेत्रावती, कुणी पुण्याच्या आघारकर संस्थेचं एमएसीएस-६२२२, कुणी धारवाडचं यूएएस-३०४ किंवा डीडब्ल्यूआर-१६२. कोरडवाहू रानांत बन्सी, त्यातही बिजगा यलोसारखं जुनं बी. विचारलं की उत्तर येतं, "घरचंच की." घरचं म्हणजे तीन वर्षांपूर्वी कुठून आणलं होतं, हे विचारा. पिशवी माळ्यावर असेल तर बघायला मागा. माणसं आनंदानं दाखवतात. तरीही नाव कळलं नाही तर 'माहीत नाही' असं लिहा, अंदाजानं नाव घालू नका. चुकीचं नाव लिहिलेला नमुना कोऱ्या नमुन्यापेक्षा वाईट. त्यावरून प्रयोगशाळेला वाटेल की अमुक वाणाचा प्रतिकार मोडला, आणि तसं काही झालेलंच नसेल.

एका रानातून दुसऱ्या रानात जाताना हात धुवा, सदरा झटका, शक्य तर बदला. बीजाणू कपड्यांवरून जातात. आपण रोग शोधायला गेलो आणि तोच पोचवून आलो, असं होऊ नये.

पाकिटं कुठे द्यायची? जवळच्या रैत संपर्क केंद्रात विचारा, किंवा बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पच्या नाहीतर तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात. धारवाडच्या कृषी विद्यापीठात गव्हावर काम करणारे शास्त्रज्ञ आहेत. देशभरातल्या तांबेऱ्याचे पॅथोटाइप ठरवण्याचं काम सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात चालतं. मेहतांनी सुरू केलेलं ते काम आज कर्नालच्या गहू आणि बार्ली संशोधन संस्थेच्या अखत्यारीत आहे.

पुढे पाकिटाचं काय होतं

तांबेऱ्याची बुरशी कृत्रिम माध्यमावर वाढवून पॅथोटाइप ओळखता येत नाही. तिला जिवंत गहूच लागतो. म्हणून आधी ती 'आग्रा लोकल' या वाणाच्या रोपांवर सोडतात. हा वाण जवळजवळ कुठल्याही तांबेऱ्याला बळी पडतो, म्हणून वाढवायला सोयीचा. एका पानावर दोन-तीन पॅथोटाइप एकत्र असू शकतात, त्यामुळे एकाच फोडातली पूड वेगळी काढून पुन्हा नव्या रोपांवर वाढवतात. आता हाती एकाच वंशाचे बीजाणू असतात.

मग खरी परीक्षा. ठरावीक वाणांची रोपं कुंड्यांत लावलेली असतात. प्रत्येकात प्रतिकाराचं वेगळं, माहीत असलेलं जनुक. रोपं आठवडाभराची, पहिलं पान उघडलेलं. त्यांवर बीजाणू शिंपडायचे, दोन दिवस दमट कोंडीत ठेवायचं, मग काचघरात २० ते २४ अंशांच्या आसपास. साधारण दोन आठवड्यांनी प्रत्येक रोपाचं पान वाचायचं.

वाचण्याची मोजणी ० ते ४. शून्य म्हणजे पानावर खूणसुद्धा नाही. त्यानंतर सुईच्या टोकाएवढे वाळके ठिपके, त्यांना अर्धविरामाचं चिन्ह देतात. १ आणि २ मध्ये बारीक फोड, भोवती वाळलेलं किंवा फिकट कडं. इथवर झाड जिंकलं. ३ आणि ४ मध्ये फोड मोठे, पूड भरपूर. तिथे बुरशी जिंकली. एकाच पानावर सगळ्या प्रकारचे फोड मिसळलेले दिसले तर 'एक्स', आणि तोही झाडाच्याच खात्यात धरतात.

ही पद्धत अमेरिकेत मिनेसोटाच्या स्टॅकमन यांनी बसवली. स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्यासाठी बारा वाणांचा संच ठरवला. मार्क्विस, कोटा, कुबांका अशी परदेशी नावं त्यात आहेत. आणि शेवटचं नाव आहे 'खपली'. आपलीच खपली, जिची खीर आपण सणाला करतो आणि कानडी घरांत जिची हुग्गी होते. या खपलीतून एसआर-१३ आणि एसआर-१४ ही प्रतिकाराची जनुकं जगाला मिळाली. कृष्णाकाठच्या पट्ट्यातल्या एखाद्या मुलानं हे काम शिकायला घेतलं, तर त्याला हे पहिल्या दिवशीच माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांचं नाव कसं वाचायचं

अहवालात १२१आर६३-१ असं काहीतरी येतं आणि नवा माणूस तिथेच दचकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

भारतात तपासणीच्या वाणांचे तीन संच करतात: ०, अ आणि ब. संचातल्या प्रत्येक वाणाला एक किंमत असते: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, अशी दुप्पट होत जाणारी. जो वाण बुरशीपुढे हरला त्याची किंमत धरायची, जिंकला त्याची सोडायची, आणि बेरीज करायची. ६३ म्हणजे १+२+४+८+१६+३२. त्या संचातले हे सहाच्या सहा हरले. १२१ म्हणजे ६४+३२+१६+८+१, इथे २ आणि ४ किमतीचे वाण टिकले. या किमतींची गंमत अशी की कुठलीही बेरीज एकाच प्रकारे फुटते, म्हणून आकड्यावरून उलटं जाऊन कोण हरलं आणि कोण टिकलं ते नेमकं सांगता येतं. मधलं अक्षर तांबेऱ्याचं: नारिंगीसाठी आर, काळ्यासाठी जी, पिवळ्यासाठी एस. शेवटी रेघेनंतरचा आकडा ० संचाचा.

स्वतः करून बघा. काळ्या तांबेऱ्याचा ६२जी२९ घ्या. ६२ = ३२+१६+८+४+२. २९ = १६+८+४+१. वहीत चार-पाच नावं अशी फोडलीत की हात बसतो.

जुने लोक जुनी नावं घेतात. १२१आर६३-१ ला ७७-५ म्हणतात, ६२जी२९ ला ४०ए. दोन्ही वहीत शेजारी लिहून ठेवा. परदेशी लेखांत टीटीकेएसके अशी पाच अक्षरी नावं दिसतील. ती उत्तर अमेरिकेची पद्धत, चार-चार वाणांचे पाच संच आणि प्रत्येक संचाला एक अक्षर. टीटीकेएसके म्हणजे युगांडात सापडलेला आणि १९९९ मध्ये नोंदला गेलेला यूजी-९९. त्यानं एसआर-३१ हे जनुक मोडलं आणि जगभरच्या गहूवाल्यांची झोप उडाली, कारण तेव्हा कितीतरी वाण त्या एकाच जनुकाच्या भरवशावर होते. डीएनएच्या चाचण्या आता झटपट होतात आणि बुरशीची कुळी त्यांतून कळते. पण ती कुठल्या वाणाला खाईल, हे शेवटी रोपांवरच बघावं लागतं.

गावात करता येण्यासारखं एक काम

आपल्या रानाच्या कडेला दोन-दोन हातांच्या सहा-सात ओळी पेरा: एक लोकवनची (ती लवकर बळी पडते, म्हणून तांबेरा आला की तिच्यावर आधी दिसतो), एक बन्सी, एक खपली, आणि बाकी तुमच्या गावात जास्त चालणारे वाण. प्रत्येक ओळीला खुंटी आणि नाव. दर आठवड्याला बघा आणि वर सांगितलेली नोंद करा. देशपातळीवर रोग निरीक्षणाच्या रोपवाटिका अशाच तत्त्वावर लावतात. लोकवनची ओळ मात्र दोन हातच ठेवा, मोठा तुकडा पेरून रोगाला घर करून देऊ नका.

या ओळींत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. आजवर टिकणाऱ्या ओळीवर, विशेषतः खपलीवर किंवा तिच्यापासून केलेल्या डीडीके-१०२५, डीडीके-१०२९ सारख्या बुटक्या वाणांवर, मोठा पूडवाला फोड दिसला, मग तो एकच का असेना, तर तो नमुना त्याच दिवशी सुकत घाला आणि सगळ्यांआधी पाठवा. लोकवनवरच्या शंभर फोडांपेक्षा त्या एका फोडात नवी माहिती असण्याची शक्यता जास्त.

अहवाल यायला वेळ लागतो, तोवर रानातला गहू मळून घरात आलेला असतो. म्हणून त्याचा उपयोग त्या हंगामाला नाही, पुढच्या ऑक्टोबरच्या पेरणीला होतो. आला की ज्यांच्या रानातून नमुना घेतला त्यांच्याकडे घेऊन जा. कागवाडच्या त्या काकूंकडे मी गेलो तेव्हा अहवालातलं नाव नारिंगी तांबेऱ्याच्या ७७च्या कुळीतलं होतं. ओसरीवर बसून मी त्यांना आकडा फोडून दाखवला, कोण हरलं, कोण टिकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग औंदा बी कुठलं घालू?" माझ्याकडे धारवाडच्या शिफारशींची यादी होती. आम्ही दोघांनी ती खालपासून वर वाचली, आणि त्यांनी अर्ध्या रानात खपली, अर्ध्यात यादीतला दुसरा वाण पेरायचं ठरवलं. लोकवनची पिशवी त्यांनी घरच्या पोळीपुरती बाजूला काढली.